एक्स्ट्रा काका

आमच्या सोसायटीतल्या काकांबरोबर मिसळ खायला गेलं की मान खाली घालून बसायची तयारी ठेवावी लागते. बशी टेबलावर टेकायच्या आत ते सुरू होतात, ‘‘एक्स्ट्रा रस्सा आण रे. कांदा आण. लिंबाची एकच फोड? आणि शेव जरा वरून टाक.’’ मग पाव संपून रस्सा उरतो, म्हणून पाव येतात. पाव उरतो, म्हणून पुन्हा रस्सा. शेवटी बिल येतं : ‘एक्स्ट्रा पाव २’.

‘‘एक्स्ट्राचे पैसे लावता?’’ काकांना खरंच धक्का बसलेला असतो.

त्यांच्या तोंडी एक्स्ट्रा म्हणजे फुकट आणि मालकाच्या तोंडी एक्स्ट्रा म्हणजे पैसे. शब्द एकच, मध्ये फक्त गल्ला. त्या गल्ल्यावरची मूठभर बडीशेप काका रुमालात बांधून घेतात.

पाणीपुरीनंतरची सुकी पुरी, भाजीवरची चार काड्या कोथिंबीर, हे तर त्यांचे जन्मसिद्ध हक्क. क्रिकेट बघतानाही त्यांचा जीव वाइड आणि नो-बॉलवर. बॅट न हलवता धाव मिळते, यापरतं सुख नाही म्हणे. मराठीत तिला अवांतर म्हणतात, पण त्यात ती चव नाही. अधिकमास मात्र त्यांना मनापासून आवडतो. तिसऱ्या वर्षी पंचांग आपणहून एक महिना वाढवून देतं, वर जावयाला तेहतीस अनारसे. लग्नानंतरच्या पहिल्या धोंड्याला काकांनी ते मोजून घेतले आणि चौतिसावा मागितला. काकूंच्या माहेरी ही गोष्ट अजून सांगतात.

परवा नात त्यांना म्हणाली, ‘‘आजोबा, तुम्ही ना फार एक्स्ट्रा आहात!’’ काका दिवसभर जिन्यात भेटेल त्याला हे सांगत होते. मला राहवेना. म्हटलं, काका, हल्लीच्या पोरांत एक्स्ट्रा म्हणजे नको तितकं करणारा. आपल्याकडे हे कधीच होऊन गेलंय. फाजील हा शब्द मूळचा अरबी, जास्तीचं या अर्थाचा. उर्दूत तो आलिम-फाजिल झाला, म्हणजे चांगला विद्वान. मराठीत आला आणि थेट बाकावर उभा राहिला! नातीनं तुम्हाला फाजील म्हटलंय.

काका जरा वेळ गप्प बसले. मग चेहरा खुलला.

‘‘म्हणजे विद्वान, आणि वर फाजील. एका शब्दात दोन?’’

‘‘दोन.’’

‘‘दुसऱ्याचे पैसे नाहीत ना?’’

येत्या रविवारी पुन्हा मिसळ ठरली आहे. तुम्हीही या. टेबलाला एक खुर्ची एक्स्ट्रा आहे, आणि बिल दोघांत वाटून घेता येईल.