उभ्या बाटलीची लोकशाही

महाराष्ट्रात गावातले दारूचे दुकान बंद करण्यासाठी 25 टक्के महिला मतदारांच्या सह्यांचे निवेदन लागते. पडताळणीनंतर गुप्त मतदान होते. उमेदवार दोनच: दुकान चालू ठेवणारी उभी बाटली आणि बंद करणारी आडवी बाटली. आडवीला झालेल्या मतदानाच्या नव्हे, तर यादीतील एकूण महिला मतदारांच्या निम्म्याहून अधिक मते मिळवावी लागतात. आमदारकीला ही पट्टी लावली तर विधानसभा ओस पडेल, म्हणून हा सन्मान बाटलीपुरता राखीव आहे. या दूरदर्शी तरतुदीमुळे ऊसतोडीला गेलेली, बाळंतपणाला माहेरी गेलेली प्रत्येक गैरहजर बाई घरबसल्या उभ्या बाटलीची समर्थक ठरते. यादीतून नाव न वगळलेल्या मृत महिलांचाही पाठिंबा अबाधित राहतो. नवऱ्याच्या दारूपायी ज्या गेल्या, त्यांचा धरून.