सुभद्रा, बहुधा

पार्से गावाचा इतिहास जगापुढे मांडण्याची जबाबदारी माझ्यावर कोणी टाकली नव्हती. गावात पंच आहेत, महाजन आहेत, निवृत्त शिक्षक तर वाड्यावाड्यावर आहेत. त्यांच्यापैकी कुणाच्या स्वप्नात भगवती येऊन ‘ऊठ, स्कॅनर घे’ म्हणाली असती तर ते शोभलंही असतं. माझ्या स्वप्नात कोणी आलं नाही. मी निवृत्त झालो आणि सकाळी अकरानंतर घरात माझी अडचण होऊ लागली, एवढंच. त्यात मोपाचा विमानतळ झाल्यापासून पेडणे तालुक्यातल्या जमिनीचे भाव ऐकून माणसं जुनी घरं आवरायला लागली होती. घर आवरताना पहिला बाहेर पडतो तो माळ्यावरचा पेटारा. पेटाऱ्यातलं पितळ भंगारवाला नेतो आणि कागद न्हाणीच्या चुलीत जातात. ते कागद वाचवायचे आणि इंटरनेटवर घालायचे, असं मी ठरवलं. ठरवलं म्हणजे बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “चांगलं आहे. सोप्यावर बसून करा.”

आता कुणी म्हणेल, गोव्यात इतिहासाच्या कागदांना काय तोटा? खरं आहे. पणजीचं पुराभिलेखागार १५९५ सालचं, दियोगु द कोतु त्याचा पहिला रखवालदार. डिचोली तालुक्यातल्या पिळगावचे डॉ. पांडुरंग पिसुर्लेकर त्या दप्तरांत आयुष्यभर बसले आणि पोर्तुगीज-मराठ्यांचं सगळं राजकारण त्यांनी उजेडात आणलं. पण पेडणे महाल पोर्तुगिजांकडे आला १७८८ साली, सावंतवाडीकर भोसल्यांकडून. म्हणजे त्या दप्तराची पहिली दोनेकशे वर्षं आम्ही त्यात नाहीच. असलो तर शत्रुपक्षात. पोर्तुगिजांच्या हाती आधी गेलेल्या जुन्या काबिजादीतली गोष्ट वेगळी. तिथे चर्चच्या नोंदवह्यांत बाप्तिस्मा, लग्न, मरण सगळं लिहिलेलं, त्यामुळे बार्देशातला एखादा माणूस पणज्याच्या पणज्याची तारीख सांगून मोकळा होतो. आम्हा नव्या काबिजादीतल्यांना पणजोबा आठवतात ते श्राद्धाला भटजी नाव विचारतात तेव्हा. तेव्हाही आम्ही ते पुटपुटतो, म्हणजे चुकलं तरी पितर समजून घेतात.

शिवाय इंटरनेटवर आमचं गाव धड सापडत नाही. पोर्तुगिजांनी शेवटी अनुनासिक चिकटवलेलं स्पेलिंग घातलं तर वेगळी पानं निघतात, मराठी उच्चाराप्रमाणे घातलं तर वेगळी, आणि रोमन लिपीत साधं सरळ ‘पार्से’ लिहिलं तर संगणकाच्या भाषा शिकवणारे लोक मदतीला धावतात. एका गावाची ही तऱ्हा. इकडे पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाने, तेही १८३२ सालचं, जुनी छापील पानं संगणकावर आणली होती. गोवा विद्यापीठाने २०१३ साली कोकणी विश्वकोश सर्वांना वापरायला मोकळा करून दिला होता. मग पार्सेच मागे का राहावं, असा सवाल मी सोप्यावर बसून स्वतःला केला. उत्तर द्यायला दुसरं कोणी नव्हतं.

मी नियम वाचले. मूळ प्रत सहाशे डीपीआयने, टिफमध्ये घ्यावी आणि तिला हात लावू नये. सरळ करणं, कापणं, उजळणं हे सगळं दुसऱ्या प्रतीवर. तीन प्रती, दोन निरनिराळ्या माध्यमांवर, त्यांतली एक गावाबाहेर. फोटोच्या पाठीवर लिहायचं तर मऊ पेन्सिलीने. चिकटपट्टी नको आणि लॅमिनेशन तर कदापि नको. हे सारं मी वहीत सुवाच्य अक्षरात उतरवून काढलं. नियम उतरवून काढले की पाळल्यासारखं वाटतं, हा माझा शाळेपासूनचा अनुभव.

मग वाड्यावर निरोप फिरवला की जुनं काय असेल ते आणा. लोकांनी आणलं. जमिनीचे एक-चौदाचे उतारे आले. विजेची बिलं आली, कारण त्यांवर आजोबांचं नाव होतं. मुंडकाराच्या दाव्याची अख्खी फाइल आली आणि ती देणाऱ्याने हळूच विचारलं, “हें घातल्यार लवकर निकाल लागता काय?” एकाने जन्मपत्रिका दिली. ती इतिहास म्हणून नव्हे, मुलगी बघताय तर बघा म्हणून. दोन लग्नांचे आल्बम आले, तेही अशा घरांतून की एकाचा फोटो दुसऱ्याच्या आधी टाकला असता तर मला गाव सोडावं लागलं असतं.

आणि मग, खालच्या घरच्यांनी बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यातून तो फोटो आणला.

‘संगीत सौभद्र’. किर्लोस्करांचं हे नाटक १८८२ सालचं आणि तेव्हापासून गोव्यात जत्रेला, सप्त्याला, शिगम्याला ते इतकं झालंय की आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना अर्जुनाचं सुभद्रेशी लग्न महाभारतात झालं की देवळामागच्या मांडवात, हे खात्रीने सांगता येत नाही. फोटोत रंगमंच. मधोमध नऊवारीत सुभद्रा, शेजारी यतिवेषातला अर्जुन, मागे बलराम आणि चष्मा काढायला विसरलेला नारद. फोटोच्या डाव्या कडेला काहीतरी पांढरं, फटफटीत, चमकणारं होतं आणि त्याखाली कुणाचं तरी कोपर. पाठीवर म्हापशाच्या कुठल्याशा स्टुडिओचा पुसट शिक्का. सुभद्रा होती मात्र सुरेख. त्या काळी स्त्रीभूमिका पुरुषच करत, आणि ही मान किंचित कलती करून अशी बसली होती की गावातल्या कुठल्याही बाईने तसं बसायचा आजवर प्रयत्न केलेला नाही.

साल कुठलं? म्हाताऱ्यांना साल विचारायचं नसतं. ते सनावळीत मोजत नाहीत, घटनांनी मोजतात. एक म्हणाले, पत्रादेवीला सत्याग्रहींवर गोळीबार झाला त्याच्या पुढच्या जत्रेचा. म्हणजे १९५५ च्या ऑगस्टनंतरचा. दुसरे म्हणाले, शक्यच नाही. पोर्तुगीज अमदानीत नाटकाला परवानगी लागे आणि त्या वर्षी ती मिळालीच नव्हती. तिसऱ्यांना आठवत होतं की पेटी वाजवणारा शिवोलीच्या धक्क्यावर अडकला आणि चोपड्याची होडी मिळेपर्यंत नांदीच झाली नाही. हे फार मोलाचं होतं, फक्त साल नव्हतं. मी ‘अंदाजे १९५६’ लिहून मोकळा झालो.

फोटो जगातल्या एका मोठ्या खुल्या संग्रहात चढवायला घेतला तर समोर अर्ज उभा. छायाचित्रकार कोण? हक्क कुणाचा? फोटो कुठल्या देशात काढला? या शेवटच्या प्रश्नावर मी बराच वेळ थबकलो. १९६१ च्या १९ डिसेंबरपर्यंत पार्से भारतात होतं हे आम्हाला मान्य, पण पोर्तुगालला नव्हतं. त्यांनी १९५१ साली घटना बदलून आम्हाला वसाहतीऐवजी ‘सागरापलीकडचा प्रांत’ केलं होतं. मी प्रामाणिकपणे ‘पोर्तुगाल’ लिहिलं. दोन दिवसांत कुण्या परोपकारी स्वयंसेवकाने आमच्या सुभद्रेला ‘पोर्तुगालमधील विवाहाचे पोशाख’ या वर्गात नेऊन बसवलं. लिस्बनच्या दोन नवऱ्या मुलींमध्ये ती आमचीच उठून दिसत होती.

राहता राहिली ओळ. फोटोखालची.

आता इथे मला थोडं घरचं सांगायला हवं. लहानपणापासून मी आमच्या घरात एकच वाक्य ऐकत आलोय की सुभद्रा आमच्या घरात होती. कोणी ते समजावून सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. फोटोतल्या सुभद्रेचं नाक मी भिंगाखाली पाहिलं. मग आरशात माझं पाहिलं. मग पुन्हा तिचं. वंशाभिमानाला एवढा पुरावा पुष्कळ होतो. मी ओळ लिहिली: ‘सुभद्रा – वरच्या घरचे आबा (बहुधा)’. वरचं घर म्हणजे आमचं. आबा म्हणजे माझे आजोबा. आणि आजोबा उठून दिसावेत म्हणून मी फोटो जरा सरळ केला आणि डावीकडचा तो पांढरा लखलखाट कोपरासकट कापून टाकला. मूळ स्कॅनवरच. वही त्या वेळी आत कपाटात होती.

खालच्या घरच्यांना हे कळायला वेळ लागला नाही. त्यांचा दावा होता की सुभद्रा त्यांचे थोरले काका. “कोणी सांगलां तुका?” असं विचारत ते सोप्यावर आले. मी कंसाकडे बोट दाखवलं. ‘बहुधा’ लिहिलंय ना! त्यांनी कंसाकडे अशा नजरेने पाहिलं की मलाच तो उचलून घरात ठेवावासा वाटला. जाताना ते बिस्किटांचा डबा काखेत मारून घेऊन गेले.

इथवर गावचं भांडण होतं आणि गावची भांडणं चतुर्थीपर्यंत मिटतात. पण त्याच सुमाराला एका नाट्यमंडळाची स्मरणिका निघाली. स्मरणिकेला मजकूर कमी पडला की काय करतात ते सर्वांना ठाऊक आहे. कुणीतरी माझा फोटो आणि माझी ओळ जशीच्या तशी उचलली. जशीच्या तशी नव्हे. छापताना जागा कमी पडली म्हणून ‘बहुधा’ गेला. आर्ट पेपरवर, सोनेरी चौकटीत, माझे आजोबा आता निर्विवाद सुभद्रा होते. मी दहा प्रती विकत घेतल्या. मग संग्रहातल्या कुण्या साक्षेपी माणसाने माझ्या मूळ ओळीला आधार मागितला, तेव्हा गावातल्याच एका हुशार पोराने मला आनंदाचा धक्का द्यायचा म्हणून आधार जोडून दिला. कुठला? स्मरणिकेतलं पान. त्याबरोबर कंसही काढून टाकला. म्हणजे चहा पिता पिता माझ्या नाकावरून निघालेला अंदाज छापखान्यात जाऊन मुंज लावून परत आला होता आणि आता मलाच नमस्कार घालायला सांगत होता.

आपल्या इतिहासातली किती माणसं अशी छापखान्यातून मोठी झाली असतील, हा विचार मला तेव्हा सुचायला हवा होता. मला सुचलं ते फ्रेम करून घेण्याचं.

फ्रेम घेऊन मी आमच्या धाकट्या काकींना दाखवायला गेलो. काकी नव्वदीला टेकल्यात, दृष्टी अधू, स्मरण लख्ख. त्यांनी फोटो डोळ्यांशी धरला आणि म्हणाल्या, “हो तो दिचोलीचो.”

“कोण?”

“सुभद्रा. दिचोलीसून हाडलेलो. पैशे देवन. गावात गाता येय खंय कोणाक?”

मी म्हटलं, “पण काकी, सुभद्रा आपल्याच घरात होती ना?”

“आपल्याच घरात तर! तीन दिवस ऱ्हवलो. मीच जेवूक वाढलंय. नवी नवरी मी, लाजून मरत होतंय. ह्यो बाप्या पानार बसान माका सांगता, पदर असो नाय घेवचो, असो घेवचो.”

मग आबा? आबा काय करत होते? काकींनी फोटोच्या डाव्या कडेवरून बोट फिरवलं, तिथे फ्रेमची सोनेरी पट्टी लागली. “तुझो आजो हंय होतो. बत्तीर. पंप मारी तो. बत्ती विझली तर नाटक बंद. बरो दिसता तो ह्या फोटोत, हात दिसता तेचो.” पुन्हा बोट फिरवून म्हणाल्या, “खंय गेलो?”

पेट्रोमॅक्स आणि कोपर. गावाचा इतिहास वाचवायला निघालेल्या नातवाने आपल्या आजोबांचा एकमेव फोटो स्वतःच्या हातांनी कापून टाकला होता आणि त्यांच्या जागी डिचोलीचा एक भाडोत्री नट बसवला होता.

मूळ फोटो पुन्हा मागायला खालच्या घरी गेलो. सगळं खरं सांगितलं. सुभद्रा तुमचीही नाही, आमचीही नाही, हे ऐकल्यावर त्यांचा चेहरा पडेल असं मला वाटलं होतं. तसं काही झालं नाही. त्यांनी माझ्या चुलतभावाला फोन लावला, तो तसाच आला, आणि गेले कित्येक महिने एकमेकांच्या अंगणातून न जाणारी ती दोघं सोफ्यावर शेजारी बसून मला म्हणाली की बाहेरगावच्या माणसाच्या नावावर गावची सुभद्रा करायला तुला लाज कशी वाटत नाही. डबा काही निघाला नाही.

मग संग्रहात दुरुस्ती पाठवली. सुभद्रा हा डिचोलीचा नट, नाव अज्ञात. वरच्या घरचे आबा बत्तीवर, कोपर कापलं गेलं आहे. ‘आधार’ या चौकटीत मी बराच विचार करून लिहिलं: ‘काकींनी त्याला जेवायला वाढलं होतं.’ संध्याकाळपर्यंत उत्तर आलं. आधार अपुरा. छापील पुराव्याप्रमाणे जुनी ओळ कायम.

काकींना हे सांगणं भाग होतं, कारण त्या रोज विचारत होत्या, इंटरनेटवाल्यांनी काय म्हटलं. मी म्हटलं, ते पुरावा मागतात.

काकींनी क्षणभरही विचार केला नाही. “तेंका सांग, तेना तीन वेळा भात मागून घेतल्यान. कोणाकय इचार.”