फुकट आहे, बसवून देतो

लिनक्सवाला माणूस तालुक्याला एक पुरतो. जिंतूरला असतो, सेलूला असतो, गंगाखेडला तर असतोच. परभणीत मात्र वसमत रोडला एक आणि जिंतूर रोडला एक निघाला, की दोघांचं बोलणं बंद. एकाचं डेबियन, दुसऱ्याचं उबुंटू. उबुंटू डेबियनच्याच पायावर उभं आहे, म्हणजे भांडण भाऊबंदकीचंच.

पेशानं तो बहुधा शिक्षक, नाहीतर एमएस-सीआयटीचा क्लास चालवणारा. तुम्ही चहाला बोलावता, तो आधी कोपऱ्यातल्या डेस्कटॉपकडे बघतो. "स्लो चालायलाय का ओ?" तुम्ही भिडेखातर "थोडा" म्हणालात की संपलं. "फुकट आहे, बसवून देतो."

14 ऑक्टोबर 2025 ला मायक्रोसॉफ्टनं विंडोज 10 वरचा हात काढून घेतला, आणि जुन्या डब्यांवर 11 चढेना. तेव्हापासून याची लगीनसराई चालू आहे.

चहा निवत ठेवून तो एफ-12 चं बटण टकटकवत बसतो. मग हार्डडिस्कच्या वाटण्यांची वेळ येते.

"डी ड्राइव्हमधे काय आहे?"

"लग्नाचे फोटो."

"बॅकअप?"

इथं स्वयंपाकघरातून वहिनी बाहेर येतात आणि काम संपेपर्यंत मागं उभ्या राहतात.

नेमकी तेव्हाच लाईट जाते. यूपीएसची बॅटरी कधीच वारलेली. अशा वेळी दुसरा माणूस घरी जाईल. हा इतिहास सांगतो. 1991 च्या ऑगस्टमधे हेलसिंकीच्या लिनस टोरवाल्ड्स नावाच्या एकवीस वर्षांच्या पोरानं जगाला कळवलं, की मी छंद म्हणून एक ऑपरेटिंग सिस्टीम करतोय, फार मोठं काही होणार नाही. बाकी सगळं आपल्या माणसाला पाठ असतं, ही शेवटची ओळ तेवढी सोडून.

तुम्ही जांभई दिलीत की हुकमी पान निघतं. "जगात जर्मनी, भारतात परभणी, म्हणतो का नाही आपण? मग बगा, सुसे लिनक्स जर्मनीचं, 1992 चं. म्युनिकच्या महापालिकेनं हजारो कॉम्प्युटर लिनक्सवर नेले!" त्याच महापालिकेनं 2017 साली परत विंडोजकडे जायचं ठरवलं, हे तो आपणहून सांगत नाही. विचारलंच तर म्हणतो, "राजकारण हो."

लाईट येते, सगळं पहिल्यापासून होतं, आणि यंत्र खरंच पळायला लागतं. मान्य करायला पाहिजे, पळतं. अडचण दहा मिनिटांनी येते. प्रिंटर ओळख देत नाही. सेतूवाल्याकडं असाल तर थंबचं मशीन मुकं होतं. कृतिदेवमधला अर्ज उघडला की तहसीलदारांच्या जागी इंग्रजी अक्षरं. प्रत्येक तक्रारीवर त्याचं उत्तर एकच: काळी खिडकी उघडून तो "सुडो"नं सुरू होणारं काहीतरी लिहितो. चेहऱ्यावर त्या वेळी जे तेज येतं ते पगाराच्या दिवशीही येत नसावं.

सोबत विंडोजही राहू द्या म्हणालात, तर सकाळी दहाला त्यातलं घड्याळ पहाटेचे साडेचार दाखवतं. "लिनक्स घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोजला ती इथली वाटते. चूक विंडोजची आहे," तो समजावतो. बँक चारला बंद होते, ही चूक कुणाची ते कळत नाही.

महिनाभरानं तो पुन्हा येतो. तोवर प्रिंटर चाललेला असतो, पोरं सरावलेली असतात. "मस्त चालायलंय सर," तुम्ही मनापासून सांगता, आणि त्याचा चेहरा पडतो. जरा वेळ खुर्चीत चुळबुळ करून तो हळूच विचारतो, "फेडोरा टाकून बघायचं का?"

त्याच्या स्वतःच्या यंत्रावर अशी चार लिनक्सं नांदतात. शाळेची ऑनलाइन माहिती मात्र तो मोबाइलवरून भरतो.