तळघरातील मामलेदार

न्यू जर्सीतील एडिसनच्या मराठी वस्तीत, मुले शिकावयास बाहेर पडल्यामुळे रिकाम्या झालेल्या तळघरात समुद्र वसविणारा जो एक गृहस्थवर्ग आढळतो, त्याला मी सोयीसाठी प्रवाळपंत म्हणतो. पुण्यात किंवा गिरगावात हा वर्ग रुजणे कठीण. कारण वन्यजीव संरक्षण कायद्याने 2001 पासून खडक रचणारे प्रवाळ पहिल्या अनुसूचीत, म्हणजे थेट वाघाच्या पंक्तीस बसविले असल्याने, ते दिवाणखान्यात बाळगणे म्हणजे फौजदारी ओढवून घेणे होय. अमेरिकेत ते रीतसर पावतीवर मिळतात, आणि पंतांच्या अंगातील पिढीजाद मामलेदार तेथे जागा होतो.

पंतांनी पाऊणशे गॅलनची टाकी मांडली, निःक्षार पाण्यात मीठ घालून हजारी पस्तीस भाग हे प्रमाण साधले, जिवंत खडक (म्हणजे जीवजंतूंनी वसलेला) रचला, आणि अमोनियाचे नायट्राइट व त्याचे पुढे नायट्रेट करणारे जंतू नांदू लागेपर्यंत, मुलीची पत्रिका जुळविण्यास दिलेल्या बापाप्रमाणे, काही आठवडे तळमळत काढले. येथवर सर्व यथासांग झाले. मग एके सकाळी पांढऱ्या वाळूवर तपकिरी साय धरली.

ती साय डायाटम नामक सूक्ष्म शैवालाची. पाण्यातील सिलिकेट घेऊन ते आपले काचेसारखे कवच घडविते, आणि सिलिकेट सरले की बहुधा आपणहून ओसरते. पंतांना हे ठाऊक नसते असे नाही. परंतु अतिक्रमण आपोआप उठते असे एकदा मान्य केले, तर अंमलदाराचे प्रयोजन काय उरले? त्यांनी तत्काळ पंचनामा केला, दप्तर घातले, नायट्रेट आणि फॉस्फेट यांची सकाळ-संध्याकाळ रुजुवात आरंभिली आणि गोगलगायींची कुमक मागविली.

तपकिरीमागून हिरवे केसाळ शेवाळ आले, आणि त्यामागून लाल, बुळबुळीत थर. हा थर वस्तुतः शेवाळच नव्हे, ते सायनोबॅक्टेरिया. ज्यांच्या पूर्वजांनी दोन अब्ज वर्षांहूनही आधी पृथ्वीच्या वातावरणात प्राणवायू भरावयास घेतला, त्या पुरातन घराण्याच्या वंशजांना पंत टर्की बेस्टरने हुसकावीत असतात. टर्की बेस्टर म्हणजे टर्की भाजताना तिच्यावर रस शिंपडण्याची रबरी फुग्याची पिचकारी. आणि ती ज्या घरात आली, तेथे अंड्याचा केकसुद्धा चौकशीअंतीच आत घेतला जातो.

खरी कसोटी लागली ती एप्टेशियापाशी. खडकाला चिकटून, बिनपरवाना आलेले हे इवलेसे समुद्रफूल चिमट्याने उपटावे, तर मागे राहिलेल्या कणांतून नवी फुले उगवतात. रक्तबीजाचे आख्यान पाठ असूनही पंतांनी चिमटा उचलला, आणि एकाची सात झाली. पुढे त्या फुलांच्या तोंडात चुन्याची लुकणी भरण्याचा प्रयोग झाला (चुना तोच, पानाला लावतात तो), आणि अखेरीस, त्या सोवळ्या घरात, पेपरमिंट कोळंबी आणली गेली. कोळंबीने एप्टेशिया खाणे अपेक्षित होते. तिने माशांचे खाणे पसंत केले.

कारण ते खाणे मुबलक होते. सारा बंदोबस्त ज्या फॉस्फेटविरुद्ध, त्याची रसद दिवसातून चार वेळा पंतच पोहोचवीत होते.

"अहो, मासे दोन, आणि वाढता दहांचं! तेच कुजून शेवाळाला जातंय," वहिनी म्हणाल्या.

"तुला त्यातलं कळत नाही. ते माझ्याकडे बघतात," पंत म्हणाले.

मासे कोणाकडेही तसेच बघतात, हे सांगण्याची माझी छाती झाली नाही.

पुढे पुतण्याच्या लग्नासाठी पंत महिनाभर पुण्यास गेले. वहिनींनी माशांना दिवसाकाठी एक चिमूट घातली, विजेचे बिल नको म्हणून दिवे लवकर मालविले, आणि उडून गेलेल्या पाण्याइतके गोडे पाणी वरून ओतले. याखेरीज टाकीला बोट लावले नाही. पंत परतले तेव्हा वाळू बरीचशी पांढरी झाली होती, लाल थर ओसरला होता आणि उपाशी कोळंबीने तीन एप्टेशिया फस्त केले होते. त्याच रात्री दप्तरात नोंद झाली: "योजिलेल्या उपायांस यश. बंदोबस्त चालू ठेवावा." खाली सही पंतांची आहे.