आपत्तिपट, माळवद आणि पाण्याची रेल्वे: सॅन होजेहून नांदेडला पत्र

तीर्थरूप आप्पा व तीर्थरूप सौ. आई यांच्या चरणी सॅन होजेस्थित कुटुंबाचा शिरसाष्टांग नमस्कार.

विज्ञानाधारित आपत्तिपट, म्हणजे विज्ञानातील एखादी संज्ञा उसनी घेऊन तिच्या जोरावर दोन-अडीच तासांत पृथ्वी बुडवणारा, जाळणारा किंवा गोठवणारा चित्रपट, मराठवाड्यातील प्रेक्षकाला म्हणावा तसा घाबरवू शकत नाही, असे या कुटुंबाच्या ध्यानी आले आहे. निमित्त झाले ते रोलँड एमरिच दिग्दर्शित ‘2012’ या 2009 सालच्या चित्रपटाचे. कुटुंबप्रमुख नांदेडचे, सूनबाई औसा तालुक्यातल्या आणि दोन्ही अपत्ये कॅलिफोर्नियाची, अशी तीन मुलखांची पंगत बसल्यावर पडद्यावरील प्रलयाविषयी एकमत होणे मुळातच अवघड होते.

चित्रपटाची उपपत्ती अशी की, सूर्यावरून आलेले न्यूट्रिनो, म्हणजे विद्युतभार नसलेले आणि कोणत्याही पदार्थातून जवळजवळ न अडखळता आरपार जाणारे अतिसूक्ष्म कण, अचानक स्वभाव बदलून पृथ्वीचा गाभा तापवू लागतात, भूकवच सरकते आणि समुद्र हिमालयावर चढतो. याचा सुगावा भारतातल्या एका खोल खाणीत लागतो, हे अगदीच हवेतले नाही, कारण वातावरणात निर्माण होणाऱ्या न्यूट्रिनोंची नोंद 1965 साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत खरोखरच झाली होती. मात्र गाभा तापवणारा कण वाटेतल्या माणसांना गार कसा ठेवतो, याचा खुलासा चित्रपट करीत नाही. मे महिन्यात भर दुपारी नांदेडच्या वजिराबादेत उभ्या असलेल्या माणसाला असा कण अंगातून गेल्याचे वेगळे कळले असते काय, ही कुटुंबप्रमुखांची शंका केवळ नोंदवून ठेवलेली बरी.

हिमालयावरून कोसळणारी लाट पाहून मुले एकमेकांना बिलगली, तेव्हा सूनबाईंच्या तोंडून ‘एवढं पाणी मांजऱ्यात आलं असतं तर!’ असा उद्गार निघाला. लातूर शहराची तहान ज्यावर अवलंबून आहे ते मांजरा धरण 2016 च्या उन्हाळ्यात कोरडे पडले होते. पाण्याच्या टाक्यांभोवती मारामाऱ्या होऊ नयेत म्हणून तेथे जमावबंदी लावावी लागली आणि एप्रिलात मिरजेहून ‘जलदूत’ नावाची रेल्वे पाणी घेऊन निघाली, जिच्या पहिल्या खेपेस 10 वाघिणींत सुमारे 5 लाख लिटर पाणी होते. घागरीभोवती जमावबंदी ही कल्पना हॉलिवूडच्या कोणत्याही पटकथाकाराने अतिरंजित म्हणून खोडली असती. चित्रपटात वाचवणाऱ्या जहाजावरील एका जागेचे भाडे 100 कोटी युरो आहे. ते ऐकून, त्यात टँकर किती आले असते, याचा हिशेब सूनबाईंनी सुरू केला आणि त्यात चित्रपटाचा पुढचा अर्धा तास गेला.

पण सूनबाईंचे माहेर किल्लारीपासून फार लांब नाही, आणि त्या विषयाशी थट्टा थांबते. 30 सप्टेंबर 1993 रोजी, गणेश विसर्जनानंतरच्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी झालेल्या 6.2 तीव्रतेच्या भूकंपात लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यांत सुमारे 8 हजार माणसे गेली. 1992 च्या ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत किल्लारीला धक्के बसत होते, त्यामुळे सूचना मिळालीच नाही असे म्हणता येत नाही. सॅन होजेजवळ 17 ऑक्टोबर 1989 रोजी झालेला लोमा प्रिएटा भूकंप 6.9 तीव्रतेचा, म्हणजे ऊर्जेच्या हिशेबाने सुमारे 11 पट मोठा होता, आणि त्यात 63 माणसे दगावली. वेळ, वस्ती, केंद्राची खोली असे पुष्कळ फरक जमेस धरले तरी मोठा वाटा घरांचा उरतो. येथील घरे बहुतांशी लाकडी सांगाड्याची असून ती कुरकुरतात, झुलतात आणि सहसा उभी राहतात. किल्लारीच्या घरांना चिखलात रचलेल्या गोट्यांच्या रुंद भिंती होत्या आणि वर माळवद, म्हणजे लाकडी तुळयांवर अंथरलेले मातीचे जाड छत, जे उन्हाळ्यात गारवा देते, पण पावसात गळले की त्यावर पांढऱ्या मातीची आणखी एक पाटी पडते. आजोबांनी टाकलेली पाटी, वडिलांनी टाकलेली पाटी, असे पिढ्यान् पिढ्यांचे वजन डोक्यावर घेऊन माणसे निजत होती. आकाशातून काही यावे लागले नाही.

येथील शासनाच्या सूचनेनुसार घरात आपत्तीची पेटी ठेवलेली आहे. तिच्यात माणशी रोजचे सुमारे 4 लिटर पाणी, विजेरी आणि टिकाऊ अन्न असावे असा दंडक असून, टिकाऊ अन्न म्हणून ठेवलेले धपाटे व शेंगदाण्याची चटणी कोणतीही आपत्ती येण्यापूर्वीच संपते, हा दोष पेटीचा नसून आईंच्या हाताचा आहे. 21 मार्च 2024 रोजी हिंगोलीकडील 4.5 तीव्रतेचा धक्का नांदेडात जाणवला, तेव्हा मांडणीवरची भांडी वाजली आणि आप्पांनी मांजरावर आळ घेतला, हेही येथे विसरले गेलेले नाही.

सबब विनंती की, गावाकडच्या वाड्याच्या माळवदावर मृगापूर्वी यंदा नवी माती टाकू नये. जुनी माती जाणत्या गवंड्याच्या सल्ल्याने उतरवून वर पत्रे घालावेत आणि भिंतींना पट्टे बांधून घ्यावेत. पत्र्याखाली उकडते, हा आप्पांचा आक्षेप मान्य असून कूलरचे पैसे वेगळे पाठवले आहेत. येसर मसाला संपला आहे. येत्या महिन्यात कोणी इकडे येणार असल्यास दोन किलो द्यावा, एक किलो विमानतळावर जाईल असे धरून.

कळावे, लोभ असावा.