‘घरीच केलं’ या विधानाची मीमांसा

पुण्यातील मध्यमवर्गीय घरात एखादी वस्तू टाकाऊ ठरण्यास साधारणपणे दोन पिढ्या लागतात. पहिल्या पिढीने ती ‘लागेल कधीतरी’ असे म्हणून माळ्यावर टाकावी आणि दुसरीने ती खाली काढून, ‘हे अजून आहे?’ असे विचारत पुन्हा वर ठेवावी, अशी या निर्णयाची रूढ पद्धत आहे. माळा म्हणजे न्हाणीघराच्या छतालगत, हात पोहोचू नये पण नजर पोहोचावी अशा बेताने काढलेला कप्पा. स्थापत्याच्या पुस्तकांत त्याला काहीही नाव असो, घरगुती न्यायव्यवस्थेत त्याचे स्थान वरिष्ठ न्यायालयाचे असून तेथे गेलेले प्रकरण वादी-प्रतिवादींच्या हयातीत सहसा निकाली निघत नाही. या प्रलंबित प्रकरणांपैकी काही परस्पर बाहेर काढून, त्यांना रंग, गोंद आणि टिकल्या लावून दिवाणखान्यात मांडणे, आणि पाहुण्याने विचारण्यापूर्वीच ‘घरीच केलं’ असे सांगून मोकळे होणे, या उद्योगास ‘टाकाऊतून टिकाऊ’ असे म्हणतात. प्रस्तुत विवेचन पुण्यातील एका गृहस्थाच्या वर्षभराच्या अशा उद्योगांवर आधारलेले आहे. हा गृहस्थ आणि प्रस्तुत लेखक यांचा परिचय जुना आहे. दोघांचा रक्तगट, चष्म्याचा नंबर आणि पत्नी ही एकच असल्यामुळे तटस्थता राखणे काहीसे अवघड गेले आहे, हे आरंभीच मान्य केलेले बरे.

या उद्योगामागील वैचारिक परंपरा थोर आहे. १९३७ साली वर्ध्याच्या शिक्षण परिषदेत गांधीजींनी हातांच्या कामातून शिक्षण देण्याची, पुढे ‘नई तालीम’ म्हणून ओळखली गेलेली कल्पना मांडली. १९६४ ते १९६६ या काळात काम केलेल्या कोठारी आयोगाने ‘कार्यानुभव’ शाळेत आणण्याची शिफारस केली. आणि एवढ्या थोरांच्या एवढ्या चिंतनाचे फलित म्हणून महाराष्ट्रातील कित्येक मुलांनी नारळाच्या करवंटीचे कासव केले. सदर गृहस्थानेही इयत्ता पाचवीत असे एक कासव केले होते आणि शाळेच्या स्नेहसंमेलनातील प्रदर्शनात त्यास उत्तेजनार्थ बक्षीस मिळाले होते. उत्तेजनार्थ बक्षीस म्हणजे ज्यास क्रमांक देता येत नाही, परंतु ज्याचे पालक पहिल्या रांगेत बसले आहेत, त्यास देण्यात येणारे बक्षीस. दुर्दैवाने गृहस्थाने त्यातील ‘उत्तेजन’ हा शब्द गांभीर्याने घेतला, आणि चाळीसहून अधिक वर्षे लोटली तरी ते अद्याप ओसरलेले नाही. कासवाचे चारही पाय आदल्या रात्री त्याच्या आईने चिकटवले होते, ही बाब मात्र परीक्षकांना कळविण्यात आली नव्हती.

वर्षाचा क्रम चैत्रापासून धरल्यास पहिला मान चैत्रगौरीच्या आराशीचा. ट्रंका, पाट आणि पुस्तकांचे गठ्ठे एकावर एक रचून, त्यांवर साडी पसरून पायऱ्या करण्याची ही विद्या इतकी जुनी आणि इतकी बिनखर्चाची आहे की गृहस्थास तिच्यात सुधारणा करण्यास वाव सापडला नाही, आणि म्हणून त्याने तिची दखल घेतली नाही. वैशाखात तीन खोल्यांचा उरलेला डिस्टेंपर एकत्र करून एक भिंत रंगविण्यात आली; तिचा रंग गृहस्थाच्या मते ‘मातकट गुलाबी’ होता आणि इतरांच्या मते सोलकढी नासल्यावर होतो तसा होता, परंतु हा वाद आषाढातील ओलीने पोपडे काढून दोन्ही पक्षांविरुद्ध मिटविला. भाद्रपदातील मखराविषयी फारसे लिहिण्यासारखे नाही. मार्च २०१८ मध्ये महाराष्ट्र शासनाने प्लास्टिकच्या अनेक वस्तूंसोबत थर्मोकोलच्या सजावटीवरही बंदी आणली, तेव्हा ज्या घरांत थर्मोकोलचे मंदिर दरवर्षी पुसून पुन्हा वापरले जाई तेथे पुठ्ठ्याचे युग सुरू झाले, आणि पुठ्ठ्यास आरतीच्या घामट हवेत वाकण्याची खोड असल्यामुळे पाचव्या दिवशी मखराचा कळस मूर्तीपेक्षा अधिक नम्र झाला, एवढे नोंदवून पुढे जाता येईल.

आकाशकंदिलाचे प्रकरण मात्र हिशेबाच्या वहीसह उपलब्ध आहे. घरगुती कंदिलास कामट्या, म्हणजे बांबूच्या चिरून सोललेल्या पट्ट्या लागतात व त्या बुरूड आळीत मिळतात. वर पतंगी कागद लागतो. तो चिकटविण्यास खळ लागते, जी मैदा पाण्यात शिजवून करतात आणि जिच्यात पुस्तकबांधणीवाले कीड लागू नये म्हणून चिमूटभर मोरचूद घालतात. शिवाय कडेने कागदाच्या करंज्या आणि खाली झिरमिळ्या. एका वर्षीचा खर्च असा आढळतो: कामट्या ६० रुपये, कागद ८०, वायर आणि होल्डर १२०, रिक्षाच्या चार खेपा ३२० (पहिल्या कामट्या वाकविताना मोडल्या), कामटी बोटात शिरल्याने धनुर्वाताचे इंजेक्शन ५०, आणि श्रमपरिहारार्थ मिसळ १२०, एकूण ७५०. त्याच आकाराचा तयार कंदील बाजारात ३०० रुपयांस होता. असे असूनही वहीत ‘बचत ४० रुपये’ अशी नोंद आहे, कारण गृहस्थाने रिक्षा प्रवासखर्चात, इंजेक्शन औषधपाण्यात आणि मिसळ खाण्याच्या सदरात टाकून कंदिलाच्या नावे केवळ २६० रुपये मांडले. काटकसरीच्या शास्त्रात सदरे पाडण्याचे महत्त्व किती मूलभूत आहे हे यावरून ध्यानात यावे.

येथे श्रीखंडाच्या डब्याविषयी थोडे विषयांतर अपरिहार्य आहे, कारण या डब्याचा विचार केल्याखेरीज मराठी घराच्या अंतर्गत सजावटीचे कोणतेही विवेचन पूर्ण होऊ शकत नाही. डब्याच्या पुरवठ्याचे गुढीपाडवा आणि दसरा असे दोन हंगाम आहेत. त्यांतील श्रीखंड दोन दिवसांत संपते आणि डब्याचे खरे आयुष्य त्यानंतर सुरू होते. धुऊन पालथा घातल्यावर त्याच्या तळाशी केशराची एक फिकट पिवळी कड राहते आणि ती पुढील सर्व जन्मांत त्याच्यासोबत जाते. पहिल्या अवस्थेत तो फ्रिजमध्ये राहतो आणि बाहेर आम्रखंडाचे चित्र मिरवीत आत इडलीचे पीठ बाळगतो. शाळेतून आलेल्या मुलाने मोठ्या आशेने झाकण उघडावे आणि आत आंबलेले पीठ बुडबुडे सोडीत असावे, या प्रसंगातून मराठी माणसास जगाच्या मिथ्यात्वाचा जो प्रत्यय बालवयात येतो तो पुढे कोणत्याही प्रवचनातून येत नाही. दुसऱ्या अवस्थेत तो शेजारधर्म पाळतो. पूर्वी शेजारी वाटी किंवा डबा पाठविला की तो रिकामा परत करू नये, निदान चिमूटभर साखर तरी घालावी, असा दंडक होता. त्यामुळे एक पितळी डबा दोन घरांमध्ये वर्षानुवर्षे ये-जा करीत राही आणि भांडण झाले तरी डब्याखातर बोलणे सुरू ठेवावे लागे. श्रीखंडाच्या डब्यासोबत ‘परत नका देऊ हं’ हे वाक्य जाते, आणि त्या एका वाक्याने देवघेवीची ही सारी साखळी तोडली, असे मत मांडण्याचा मोह होतो. तिसऱ्या अवस्थेत डबा फळीवर चढतो, त्यावर ‘जिरे’ अशी चिठ्ठी लागते आणि त्यात रवा भरला जातो. चौथ्या अवस्थेत त्यात खिळे, बटणे, फ्यूजची तार आणि कोणत्या कुलपाच्या हे कोणासही ठाऊक नसलेल्या किल्ल्या जमतात. शेवटी तळास भोके पाडून त्यात ओवा लावतात. या प्रवासात झाकण मात्र फार लवकर वेगळे होते, आणि एका घरात डबे जितके असतात त्याहून झाकणे नेहमी अधिक का असतात, व असे असूनही हाती असलेल्या डब्यास त्यांतील एकही का बसत नाही, हा प्रश्न अभ्यासकांनी अजून घेतलेला नाही.

या डब्यांपैकी बारा डबे घेऊन, त्यांस सुतळी गुंडाळून, सोनेरी चमकी फेव्हिकॉलने चिकटवून गृहस्थाने एका उन्हाळ्यात भिंतीवरचे टांगते फुलदाणे केले. आठ महिन्यांनी सुतळीत झुरळे झाल्यामुळे ते सुक्या कचऱ्यात द्यावे लागले, आणि या प्रसंगी या क्षेत्रातील खऱ्या तज्ज्ञाचे मत प्रथमच ऐकावयास मिळाले. पुण्यातील कचरावेचकांची ‘कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत’ ही संघटना १९९३ मध्ये उभी राहिली आणि तिच्यातून पुढे ‘स्वच्छ’ ही सहकारी संस्था निघाली, जिच्या सभासद महिला घरोघरी जाऊन कचरा गोळा करतात. कोणते प्लास्टिक विकले जाते आणि कोणते नाही हे त्या हात लावताच सांगू शकतात. दारावर येणाऱ्या मावशींनी तो ऐवज उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाल्या, “काका, नुस्ता डबा होता तवर याला भाव होता. आता याला कोन घेनार?” साध्या प्लास्टिकला गोंद, सुतळी आणि चमकी यांची जोड दिल्याने ते पुन्हा वितळविण्याच्या कामाचे राहत नाही, म्हणजे वर्षानुवर्षे टाकाऊतून टिकाऊ करीत असल्याच्या समजुतीत गृहस्थ प्रत्यक्षात विकाऊतून टाकाऊ करीत होता. आयुकाच्या आवारातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी काड्यापेटीच्या काड्या, सायकलच्या व्हॉल्व्हची नळी आणि जुन्या बाटल्या यांतून जी खेळणी केली, व ज्यांच्या निर्मात्यास २०१८ मध्ये पद्मश्री मिळाली, ती मुलांनी हाताळावीत आणि उकलून पाहावीत यासाठी होती. गृहस्थाच्या वस्तूंना मुलांनी हात लावलेला त्यास खपत नसे.

मंगळवार पेठेतील जुन्या बाजारातून, जो बुधवारी आणि रविवारी भरतो, त्याने काही पितळी वस्तूही आणल्या आणि त्यांना ‘संग्रह’ म्हणावयास आरंभ केला. माळ्याच्या प्रत्येक पुणेरी मालकास आपण दिनकर केळकर आहोत असे कधी ना कधी वाटते. ‘अज्ञातवासी’ या नावाने कविता लिहिणाऱ्या केळकरांनी अडकित्ते, दिवे, वज्र्या, दौती अशा रोजच्या वापरातील वस्तू आयुष्यभर गोळा केल्या, वीस हजारांवर गेलेला तो संग्रह १९७५ मध्ये शासनाच्या स्वाधीन केला आणि त्यास बालपणीच गेलेल्या आपल्या मुलाचे, राजाचे, नाव दिले. बाजीराव रस्त्यावरील त्या वास्तूत एखाद्या साध्या दिव्यासमोर उभे राहिले असता तो कोणीतरी रोज पुसत असे, ही जाणीव अंगावर येते. गृहस्थाच्या संग्रहातील दिवाही रोज पुसला जातो, पत्नी पुसते.

या सर्व उद्योगांचा कळस गोधडी हा होय. गोधडी म्हणजे जुन्या लुगड्यांचे व धोतरांचे थर एकमेकांवर अंथरून, जाड सुईने धावदोरा घालीत शिवलेले पांघरूण. नऊवारी लुगडे सुमारे सव्वाआठ मीटर लांब असल्याने एकाच लुगड्याच्या घड्यांतून तीन-चार थर निघतात. ही गोधडी गृहस्थाच्या आईने शिवली होती. १२ जुलै १९६१ रोजी पानशेत आणि त्यापाठोपाठ खडकवासला ही धरणे फुटून मुठेचे पाणी पेठांत शिरले, तेव्हा ती लग्न होऊन नारायण पेठेतील एका वाड्यात नुकतीच आलेली होती. वाड्याची मागची बाजू गेली; चिखलातून जी लुगडी हाती लागली ती धुऊनही त्यांचा मातकट रंग निघेना, नेसण्याजोगी ती उरली नाहीत, आणि पुढच्या हिवाळ्यात पांघरावयास काही नव्हते. तिने ती शिवली. त्या कामास तिने कधी छंद म्हटले नाही, कला तर नाहीच, आणि आल्यागेल्यास ती दाखविलीही नाही; ‘घरीच केलं’ हे विधान करण्यासाठी बाहेरून आणण्याची ऐपत असावी लागते, हे येथे नमूद करणे भाग आहे. प्रस्तुत लेखकास या गृहस्थाविषयी जी चीड आहे तिचे मूळ या ठिकाणी सापडते, कारण त्या गोधडीचा मातकट रंग पाहून त्यास पहिल्यांदा आठवला तो वैशाखातील भिंतीचा रंग, आणि दोहोंचा मेळ छान बसेल असे वाटून त्याने ती चौकटीत ताणून, चार खिळ्यांवर, खाली दोन पिवळे दिवे लावून दिवाणखान्यात टांगली.

दिवाळीत आलेल्या सर्वांनी तिची स्तुती केली आणि गृहस्थाने ती स्वतःची समजून स्वीकारली. चौकट त्याने केली होती, हे खरे आहे. मार्गशीर्षात पुण्यात थंडी पडली, तेव्हा आईने दोन रात्री नवी मऊ ब्लँकेट पायांनी खाली सरकवून दिली आणि तिसऱ्या सकाळी काठी टेकीत दिवाणखान्यात येऊन ती भिंतीसमोर उभी राहिली.

“भिंतीला थंडी वाजते होय रे?” तिने विचारले.

या प्रश्नास समर्पक उत्तर उपलब्ध नसल्यामुळे चौकट त्याच दिवशी उतरविण्यात आली. चिकटवलेल्या कडा सोडविताना एका काठाचा दोरा उसवला. तो आईने चष्मा न लावता, बोटांनी चाचपीत पुन्हा घातला, आणि मधूनच, कासवाचे पाय अजून आहेत का, अशी चौकशी केली. गोधडी आता तिच्या अंगावर आहे. भिंतीला चार भोके राहिली असून ती झाकण्याचा विचार चालू आहे, व त्यासाठी श्रीखंडाच्या डब्यांची सात झाकणे माळ्यावरून खाली काढून ठेवण्यात आली आहेत.