कुंपणावरची खसखस

काकू सिंगापूरहून आल्याचं मला कुंपणाच्या जास्वंदीनं सांगितलं. सकाळी सातला कुंपण हललं, पलीकडून एक वाटी वर आली आणि मागोमाग आवाज.

"अगं, मूठभर खसखस आहे का? अनारशाचं पीठ तयार आहे आणि घरात दाणा नाही."

"चार महिने लेकीकडे राहून आलात, आणि आल्या आल्या खसखस मागताय?"

"तिथे खाल्लीच नाही ना! निघताना पुडकं भरलं होतं, तर लेकीचा फोन. आई, ती खसखस आधी बाहेर काढ. अफूच्या बोंडातली ती, तिथे तिलाही तपासणी लागते म्हणे. काढली. पण विमानतळावर उतरले आणि आठवलं, गोड्या मसाल्यात घातली होती की नव्हती? पाय लटपटायला लागले."

पलीकडे झोपाळ्यावर अप्पा, काकूंचे यजमान, हसले. "बॅग मला धरायला दिली होती हिनं."

वाटी भरून दिली, पण काकू हलेनात. कुंपणावर कोपर टेकलं म्हणजे निदान अर्धा तास, हे मी वीस वर्षांच्या शेजारानं शिकलेय.

"पण शिस्त म्हणजे शिस्त हो. रात्री बाराला पोरी एकट्या घरी येतात. का? तर तिथे गर्द विकणाऱ्याला फाशी देतात, सरळ. आपल्याकडे बघ. टाकीमागे तिन्हीसांजेला कोण कोण उभं असतं, तुला माहीत आहे. कुरकुंभच्या एमआयडीसीत तर एमडी नावाच्या नशेच्या पावडरीचा कारखानाच निघाला, २०२४ साली. दोघाचौघांना लटकवा, बाकीचे आपोआप सरळ होतील."

"तिथली जनताही हेच म्हणते," अप्पा म्हणाले. अप्पा बँकेतून निवृत्त. दशांश चिन्हाशिवाय त्यांचं वाक्य पुरं होत नाही. "त्यांच्या गृहखात्यानं २०२३ मध्ये पाहणी केली. तस्करीला सक्तीची फाशी योग्य, असं म्हणणारे ६८.७ टक्के. १९७५ पासून कायदा आहे आणि अजून लोक पाठीशी आहेत."

मी जिल्हा न्यायालयात लघुलेखक होते. एनडीपीएसचे, म्हणजे अमली पदार्थांच्या कायद्याचे, खटले किती टंकले त्याची गणती नाही, त्यामुळे गप्प बसवेना.

"काकू, किती माल सापडला की फाशी, ठाऊक आहे?"

"असेल पोतंभर."

"शुद्ध हेरॉइन पंधरा ग्रॅमच्या वर. तुमच्या हातातली बांगडी केवढ्याची?"

काकूंनी बांगडीकडे पाहिलं. "दीड तोळ्याची."

"तेवढंच."

"एवढुसं?" त्यांनी बांगडी उगीचच मनगटावर फिरवली. "गांजाचं काय?"

"अर्ध्या किलोच्या वर. आणि पंधरा ग्रॅमचं राहू द्या, दोन ग्रॅमच्या वर हेरॉइन जवळ सापडलं तरी ते विकायलाच बाळगलं होतं असं धरतात. नव्हतं, हे आरोपीनं सिद्ध करायचं."

नागेंद्रन धर्मलिंगमबद्दल मी तेव्हाच सांगितलं. मलेशियाचा तमिळ मुलगा. २००९ मध्ये सिंगापूरच्या हद्दीवर पकडला तेव्हा एकवीस वर्षांचा, मांडीला पुडकं बांधलेलं, आत ४२.७२ ग्रॅम हेरॉइन. काकूंच्या हिशेबात सव्वाचार तोळे. बुद्ध्यांक ६९ भरला. पण पाठवणारा कोण, माल कुणाचा, हे सगळं नंतर; पुडकं ज्याच्या मांडीला, दोर त्याच्या गळ्याला. २०१२ मध्ये कायदा थोडा सैल केला होता. नुसता वाहक असेल आणि त्यानं तपासाला खरी मदत केली असं सरकारी वकिलानं लिहून दिलं, तर फाशीऐवजी जन्मठेप आणि फटके. आता जो सगळ्यात खालच्या पायरीवर आहे, त्याला वरच्यांची नावं कुठून ठाऊक असणार? सांगण्यासारखं असतं ते बड्यांकडे. एप्रिल २०२२ मध्ये चांगीच्या तुरुंगात नागेंद्रनला फाशी दिली.

"आई होती का त्याला?"

"होती."

काकूंनी वाटी कुंपणाच्या कठड्यावर ठेवली.

"आपल्याकडेही होती बरं ही सक्ती," मी म्हटलं. "१९८९ पासून. ठरावीक मोठ्या मालासकट दुसऱ्यांदा सापडला की फाशीच, न्यायाधीशाला दुसरा पर्याय नाही. २०११ मध्ये आपल्या मुंबई उच्च न्यायालयानं ती मोडली. फाशी देता येईल, द्यायलाच हवी असं नाही. मग २०१४ मध्ये संसदेनंही कायद्यात तसं केलं."

"म्हणूनच टाकीमागे गर्दी," काकू पुटपुटल्या. पण जोर गेला होता.

अप्पांना पाहणीच्या पराभवाचं वाईट वाटलं असावं. म्हणाले, "टक्के खोटे नसतात."

"खोटे नसतात, अप्पा. पण मलेशियात २०१३ मध्ये रॉजर हूड नावाच्या ऑक्सफर्डच्या प्राध्यापकानं दीड हजारांवर लोकांना दोनदा विचारलं. आधी नुसतं, तस्करीला फाशी असावी का? शंभरातले पाऊणशे हो म्हणाले. मग एकेक माणूस समोर ठेवला. हा अमक्या वयाचा, याच्याकडे इतका माल, हा पहिल्यांदाच सापडलेला, बोला, फाशी? तेव्हा प्रत्येक वेळी हात वर करणारे मूठभर उरले. २०२३ मध्ये मलेशियानं सक्तीची फाशी काढूनच टाकली."

यावर काकूंनी काहीतरी बोलायला हवं होतं. त्या बोलल्या नाहीत. झोपाळ्याची करकर थांबली आणि अप्पाच म्हणाले, "हिच्या भाच्याचं सांगितलंय का हिनं तुला कधी?"

"अहो!"

"अगं, घरचीच आहे ती." आणि त्यांनी सांगितलं. सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशीची गोष्ट. काकूंच्या भावाचा मुलगा, कॉलेजातला, गर्दच्या नादी लागला. घरातली भांडी विकून झाली. मग रोजच्या पुडीपुरते पैसे सुटावेत म्हणून तो स्वतःच चार पोरांना पुड्या देऊ लागला. पोलिसांनी नव्हे, काकूंनीच त्याच्या खिशात पाहिल्या. काकूच त्याला रिक्षात घालून मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्रात घेऊन गेल्या. अवचट पतिपत्नींनी ते काढून वर्ष-दीड वर्षच झालं होतं तेव्हा. दोनदा पळून आला. तिसऱ्यांदा टिकला.

"तो चिंचवडचा वह्यापुस्तकांच्या दुकानाचा? दरवर्षी भाऊबीजेला वडिलांना गाडीवर घेऊन येतो तो?"

"तोच," काकू म्हणाल्या. "किती ग्रॅम होतं ते नाही हो मोजलं मी."

मला विचारायचं नव्हतं, पण कोर्टातली सवय. नोंद अर्धवट ठेवता येत नाही.

"मग काकू, तुमचं मत कुठे लिहू? अप्पांच्या ६८.७ मध्ये?"

वाटी उचलून त्या वळल्या. चार पावलं जाऊन थांबल्या.

"तिथेच लिही. कारखाना काढणाऱ्याला फाशीच. पण त्या मांडीला पुडकं बांधलेल्या पोराला नाही. आणि खाली माझी सही घेतल्याशिवाय टक्का धरू नकोस."